मारोतराव मांजरी घेऊन येऊन राहिले

माझ्या भावाला मांजरी आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे, भर मे महिन्यात दोन मांजरींना गाडीत घालून नागपूरहून पुण्याला घेऊन गेला! प्रेमळ-बिमळ काही नाही. तर्री आणि पोहा या मांजरी त्याच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या मैनावहिनीच्या. तर्री लालसर नारिंगी आणि तिचा पोरगा पोहा फिकट पिवळा. नावं वहिनीनंच ठेवलेली. दादा दोघांनाही 'ए' म्हणायचा, आणि दोन्ही मांजरी त्याच्याकडे ढुंकून पाहायच्या नाहीत.

दादा म्हणजे मारोतराव. मी प्रमोदिनी, घरच्यांची पमा, त्याची धाकटी बहीण. धरमपेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. आमचे वडील नागपूरच्या महाल भागात हातमागावर लुगडी विणायचे. मागाच्या खटखटीत बोललेलं कोणाला ऐकूच जायचं नाही, म्हणून आमच्या घरात बोलायची पद्धतच नव्हती. लागेल तेवढं हातानं खुणावायचं. मी दुकानात बायकांशी बोलून बोलून सगळी कसर भरून काढली. दादा एसटीत कंडक्टर झाला. तिथे त्याला 'पुढे सरका', 'सुटे द्या', 'मागं जागा आहे' एवढे शब्द मिळाले, आणि तेवढ्यावर त्यानं नोकरी, संसार, सगळं निभावलं.

रिटायर झाल्यावर त्यानं प्रताप नगरात लहानसं घर बांधलं, एक जुनी वॅगनआर घेतली आणि साठीला टेकल्यावर गाडी शिकला. पण जित्याची खोड जाते थोडीच! गाडीत कोणी दोनदा टकटक केल्याशिवाय तो गिअर टाकत नाही. एसटीत डबल बेल झाली की गाडी सुटते, तसं. जन्मभर दुसऱ्याला बेल देत आला, आता म्हणे त्याला बेल लागते. वहिनी बिचारी भाजीला निघाली तरी डॅशबोर्डवर बोटं वाजवून द्यायची.

ही वहिनी दिवाळीनंतर पुण्याला गेली ती गेलीच. त्यांची मुलगी दामिनी तिथे खराडीला असते, तिचं बाळंतपण होतं. जाताना म्हणाली होती, होळीपर्यंत येते. होळी झाली, रामनवमीची शोभायात्रा झाली, अक्षय तृतीयेला मीच दादाला पुरणपोळी करून घातली. तिकडे दामिनीची रजा संपली, ती ऑफिसला जाऊ लागली आणि बाळ वहिनीच्या कडेवर राहिलं. फोनवर येण्याचा विषय निघाला की वहिनी म्हणायची, "पाहू."

संध्याकाळचा तो फोन मी कितीदा तरी ऐकला आहे. ती विचारायची, "जेवले काय जी?" हा म्हणायचा, "हाव." मग ती विचारायची, "अन् मांजरी?" हा म्हणायचा, "खाऊन नाही राहिल्या."

मी तिथेच बसलेली असायची. तर्री दूध-भाकरी आणि वर सुकटीचा वाटा संपवून कूलरसमोर आडवी पडलेली असायची, पोट जमिनीला टेकलेलं. पोहा तिचं ताट चाटत असायचा. खात नव्हता तो एकच प्राणी, आणि तो फोनवर बोलत होता. त्याच्या पँटींची कंबर मी होळीनंतर आत घेतली होती. मेमध्ये परत आत घ्यावी लागली. माणूस खोटं बोलेल, कापड बोलत नाही.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "काहून गा दादा, सरळ म्हण ना तिले, घरी ये म्हणून. तोंड झिजते काय तुयं?"

"पोरगी हाय तिची. तिले वाटन तवा येईन."

"अन् तुले काय वाटते?"

"कूलरमंधी पाणी टाकाचं हाय," असं म्हणून तो बादली घेऊन निघून गेला. भैताड माणूस. राग आला मला, पण काय करणार, रक्ताचा आहे.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी गेले तर तो अंगणात भाजीवाल्याच्या दोन प्लास्टिकच्या क्रेट एकावर एक पालथ्या घालून तारेनं बांधत होता. मांजरींचा पिंजरा. मला पाहून त्यानं फोन उचलला आणि पुण्याला जावयाला लावला. जणू साक्षीदाराचीच वाट पाहत होता. आमचा जावई मार्तंड सासवडचा. पोरगा सोन्यासारखा, पण तिकडचा. दामिनी तर पुण्यात कॉलेजला गेली तेव्हापासून तिकडच्यासारखंच बोलते, आणि वहिनी जावयासमोर जपून, पुस्तकातलं बोलते. त्यामुळे आमची खरी बोली त्या पोराच्या कानावर फारशी पडलेलीच नाही.

दादा फोनवर ओरडून म्हणाला, "जवाईबापू, मी मांजरी घेऊन येऊन राहिलो. दामिनीच्या मायले सांगजा."

 पलीकडून मार्तंडचा आवाज असा फुलला की मलाही बाजूला ऐकू आला. "खरंच, बाबा? अहो, या ना! कधीपासून मनात होतं माझ्या. तुम्ही अगदी निर्धास्त या, मी सगळी सोय करतो!"

दादानं फोन ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. "जवाई भल्ला खूश झाला," तो म्हणाला. मलाही कौतुक वाटलं. आजकाल सासरा चार दिवस येणार म्हटल्यावर एवढा आनंद कोणत्या जावयाला होतो?

"मांजरी दाखवाले चालला काय एवढ्या दूर?" मी विचारलं.

"दाखवतो," तो तार पिळत म्हणाला, "अन् घेऊन येतो."

"मांजरी?"

"तिले."

एवढं बोलायला त्याला सहा महिने लागले होते. "मंग फोनवर काहून नाही म्हटलं तसं?"

"तिथं गेल्यावर म्हणतो. फोनवर नाही जमत." मग खाली मान घालून म्हणाला, "तू चाल वं संगं. मागं बसाले कोणीतरी पाहिजे."

लग्नसराईचे दिवस, दुकानात ब्लाऊजांचा ढीग पडलेला. तरी मी शटर ओढलं. पुण्याची हौस नव्हती मला, हा तिथे जाऊन काय बोलतो ते मला ऐकायचं होतं. कारण सगळा मामला एका वाक्यावर होता. ते वाक्य ह्याच्या तोंडून निघालं तर वहिनी येणार, नाही निघालं तर आम्ही सातशे किलोमीटर मांजरी फिरवून परत आणणार.

उजाडायच्या आत निघालो. मी आपली सवयीनं पुढचं दार उघडलं तर सीटवर बसायची गिरदी ठेवलेली. "मागं बस," दादा म्हणाला. "हे रिझर्वेशन हाय."

"कोणाचं?"

"परतीचं."

म्हणजे वहिनीची सीट नागपूरपासूनच राखून ठेवलेली, आणि मी मागे दोन मांजरी, वाळूचं घमेलं, पाण्याच्या बाटल्या आणि कांद्याची पिशवी यांच्यात. ऊन लागू नये म्हणून एक कांदा त्यानं माझ्या पर्समध्येही टाकला होता. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून तो स्टिअरिंगवर बसला आणि थांबला. मी मुद्दामच काही केलं नाही. तो बसून राहिला. मग मीच हात टेकले, दारावर दोनदा ठोकलं आणि गाडी सुटली.

समृद्धी महामार्गावर लागलो तशी तर्रीनं सूर धरला. ओरडणं नव्हे ते, गाऱ्हाणंच. वर्धा मागे पडेपर्यंत ती एका दमात रडत होती आणि पोहा मध्ये मध्ये हुंकार भरत होता. एकदा पोह्यानं उलटी केली, ती नेमकी माझ्या चपलेवर. मी शिव्या दिल्या तर दादा म्हणतो, "घाट नसून उलटी कशी झाली?" सत्तरच्या वर काटा जाऊ देईना. बाजूनं ट्रक, बसेस, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या झपाझप निघून जात होत्या. त्या सिमेंटवर उन्हाळ्यात टायर तापतात हे मलाही माहीत आहे, पण सायकलवाल्यानं मागे टाकावं एवढंही हळू जाऊ नये माणसानं.

ऊन चढलं आणि कारंजाच्या पुढे गाडीच्या एसीनं मान टाकली. आधी गार, मग कोमट, मग नुसतीच धूळ. काचा उघडल्या तर आत भट्टी. पण इथे मात्र दादाचं मी मानलं. त्यानं डिकीतून कूलरची वाळ्याची ताटी काढली. निघताना मला वाटलं होतं, हे कशाला घेतलं म्हातारचळ लागल्यासारखं? ती त्यानं खिडकीत दोरीनं बांधली आणि मला म्हणाला, "पाणी मारत राय." मी बाटलीनं पाणी शिंपडत राहिले. गाडीभर वाळ्याचा वास सुटला, आमच्या घरच्या उन्हाळ्यातला दुपारचा वास. तर्रीनं रडणं थांबवलं आणि क्रेटच्या जाळीला नाक लावून बसली.

पोहा मात्र बिघडला. मी वाकून पाहिलं तर तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलत होतं. मांजर असं धापा टाकायला लागलं की लक्षण ठीक नसतं, हे वहिनीनंच मला सांगितलं होतं. "दादा, पोहा पाहा गा, काहीतरी होऊन राहिलं याले!"

दादाचा चेहरा आरशात मी पाहिला. असं घाबरलेलं मी त्याला आमचे वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. वाशीमकडच्या मालेगावचा फाटा आला तशी त्यानं गाडी खाली उतरवली आणि एका बंद चहाटपरीमागे कडुनिंबाखाली उभी केली. डोक्याचा दुपट्टा सोडला, उरलेल्या पाण्यात बुडवला आणि पोह्याला त्यात गुंडाळून मांडीवर घेतला. हा माणूस, ज्यानं कधी मांजराला बोट लावलं नाही. "जा, पाणी आण," तो म्हणाला. मी बाटल्या घेऊन जवळच्या घराकडे पळाले.

परत आले तेव्हा तो पाठमोरा बसला होता. पोह्याचे पंजे एकेक करून ओले करत होता आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मला वाटलं, पोह्याला धीर देतो आहे. कान दिला.

"मैना, चाल आता घरी," तो म्हणाला. मग थांबला. "नाही. मैना, पोरीचं झालं ना सारं, आता..." परत थांबला. "मैना, मांजरी..." आणि मग पोह्याच्या कानावर पाणी चोळत राहिला.

मी कडुनिंबामागेच उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. एवढा मोठा माणूस, गाडीभर लोकांना आवाजानं दबवणारा, आणि बायकोला दोन शब्द म्हणायची तालीम मांजरासमोर करतो! मुद्दाम चपला वाजवत पुढे गेले. पोह्यानं एव्हाना तोंड मिटलं होतं आणि तो ओला पंजा चाटू लागला होता. दादानं असा श्वास सोडला की मला वाटलं, धाप यालाच लागली होती.

"तिले काय सांगतलं असतं मी," तो म्हणाला. 

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. भाकरी-ठेचा खाल्ला, मी घमेलं साफ केलं. निघताना दादानं पोह्याला पुढच्या सीटवर, त्या गिरदीवर ठेवलं, कारण हवा तिथे जास्त लागत होती. "रिझर्वेशन होतं ना ते?" मी चिमटा काढला. "पॅसेंजर येईपर्यंत बसन," तो म्हणाला.

दिवेलागणीला संभाजीनगरला पोचलो. मुक्कामाला एक लॉज पाहिला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, किती जण? दादा सवयीनं बोलून गेला, "दोन फुल, दोन हाफ." त्या माणसानं मान वर करून पाहिलं, "हाफ कुठायत?" नेमकी त्याच वेळी माझ्या हातातल्या चादरीखालून तर्री बोलली. मी जोरात खोकले. तो माणूस चादरीकडे पाहत राहिला, मग चावी पुढे केली आणि म्हणाला, "हाफनी गादी खराब केली तर फुलचा चार्ज लागेल." भला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी नगरच्या रस्त्यानं जाताना मी विषय काढला. "म्हणून दाखव, काय म्हणणार तू तिले." तो आरसा नीट करू लागला. मी त्याला तीन-चार वाक्यं तयार करून दिली. एक साधं, एक गोड, एक जरा रागाचं. सगळी त्यानं ऐकली आणि नाकारली. एक म्हणे लांब, एक म्हणे सिनेमातलं. म्हटलं, जा मर. ब्लाऊज मी कोणाचाही शिवून देईन, पण वाक्य ज्याचं त्यानंच शिवायला हवं.

खराडीच्या त्या उंच इमारतींपाशी पोचलो तेव्हा गेटवरचा वॉचमन स्वतःहून पुढे आला. "नागपूरचे ना? मांजरवाले? कायमचे राहायला येणार आहेत म्हणाले होते साहेब. या, या." दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. म्हटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं.

मार्तंड लिफ्टमधून धावतच आला. पाया पडला, क्रेट उचलली आणि गाडीत डोकावून म्हणाला, "सामान एवढंच? बाकीचं टेम्पोनं येतंय का?"

"कायचं सामान?" दादा म्हणाला. पण तोवर मार्तंड पुढे निघाला होता.

आठव्या मजल्यावर दार उघडलं आणि त्यानं आम्हाला आधी एका खोलीत नेलं. ही त्याची ऑफिसचं काम करायची खोली होती, ती रिकामी केलेली. नवा पलंग, नवं कपाट, कोपऱ्यात चक्क एक कूलर. पुण्यात! गॅलरीला वरपासून खालपर्यंत नवी जाळी मारलेली, तिथे मांजरींसाठी दोन टोपल्या. दामिनी बाळाला घेऊन दारात उभी होती, डोळे पुसत हसत होती. "बाबा, तुम्ही असं ठरवाल असं मला वाटलंच नव्हतं," ती म्हणाली.

"काय ठरवलं मी?" दादा म्हणाला.

"इथे राहायचं!"

मार्तंड म्हणाला, "तुम्हीच नाही का म्हणालात फोनवर? मांजरी घेऊन येऊन राहिलो म्हणून."

मला एका क्षणात सगळं कळलं आणि माझं हसू फुटलं ते थांबेना. भिंतीला धरून हसले. दामिनीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे देवा," ती नवऱ्याला म्हणाली, "तू मला सांगितलंस की बाबा राहायला येतायत. त्यांचे शब्द सांगितले असतेस तर! अरे, येऊन राहिलो म्हणजे येतोय. नुसतं येतोय!"

मार्तंडच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला तेव्हा मात्र माझं हसू आपोआप थांबलं. त्या पोरानं मनापासून केलं होतं सगळं. "पण आईंनी तर तिकीटही रद्द करायला लावलं," तो पुटपुटला.

"कायचं तिकीट?" दादानं विचारलं.

"नागपूरचं. बाळाला पाळणाघर मिळालं ना, म्हणून आईंनी पुढच्या आठवड्याचं काढायला सांगितलं होतं. तुम्ही येताय म्हटल्यावर रद्द करा म्हणाल्या."

दादा त्या नव्या पलंगावर बसला. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. ती आपणहून येणार होती आणि ह्याच्या फोननं ते तिकीट गेलं. आता समोर जावयानं रिकामी केलेली खोली, मुलीचे ओले डोळे. जावयासमोर 'मी माझ्या बायकोला न्यायला आलो' म्हणायचं कसं? आमच्यात तर बायकोचं नावही चारचौघांत घेत नाहीत. त्याच्या ओठांवर 'बरं' आलं होतं, मी शपथेवर सांगते. 'बरं, राहू' एवढं म्हणून तो तिथेच राहिला असता, आणि प्रताप नगरचं घर, अंगण, सगळं आठवून मनातल्या मनात कुढत बसला असता.

तेवढ्यात मैनावहिनी आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात दोन वाट्या. दादाकडे एकदाच पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि पँटीच्या कंबरेवर तिची नजर थांबली. माझी शिलाई तिनं ओळखली असणार. ती खाली बसली, क्रेट उघडली आणि वाट्या पुढे सरकवल्या. तर्री आणि पोहा बाहेर आले. तिच्या हाताला अंग घासलं आणि लगेच वाटीत तोंड घातलं. असं खाल्लं त्या दोघांनी की वाट्या फरशीवर सरकत सरकत भिंतीपर्यंत गेल्या.

"खाऊन त राहिल्या," वहिनी म्हणाली. जावयासमोर पहिल्यांदाच ती आमचं बोलली. "अन् तुमी त रोज म्हणत होते, खाऊन नाही राहिल्या म्हणून."

 दादा मांजरींकडे पाहत होता.

"मांजरी खात होत्या वं," तो म्हणाला. "माह्याच गळ्याखाली घास उतरत नव्हता." मग त्यानं मान वर केली, आणि मुलगी, जावई, बहीण सगळ्यांसमोर म्हणाला, "मी राहाले नाही आलो. तुले न्याले आलो."

मला वाटलं वहिनी रडेल. ती हसली. मार्तंडकडे वळून म्हणाली, "जवाईबापू, राग नका मानू. तुमी त्या दिवशी स्वयंपाकघरात धावत आले अन् म्हटलं, बाबा मांजरी घेऊन येऊन राहिले. मले तेव्हाच समजलं होतं, हे न्याले येऊन राहिले म्हणून. न्याले माणूस येते त तिकीट कायले पाहिजे? म्हणून रद्द कराले लावलं. बॅग भरूनच ठेवली हाय माही, पलंगाखाली."

"मग जाळी, खोली... मला सांगितलं का नाही?" मार्तंड बिचारा म्हणाला.

"जाळी त लागतेच ना, पोट्टं आता रांगाले लागन, आठवा माळा हाय. अन् ही खोली राहू द्या. हिवाळ्यात आमी येऊ, महिनाभर राहू. खरंखुरं राहू." मग जरा ओशाळून म्हणाली, "तेव्हा सांगतलं असतं त तुमी यांले फोन करून विचारलं असतं. मले पाहाचं होतं, हे तोंडानं म्हणते का नाही."

"काहून?" दादानं विचारलं. खरंच कळलं नव्हतं त्याला.

वहिनीनं तांब्या खाली ठेवला. "दामिनीच्या वेळी मी उमरेडले माहेरी होती. आणाले कोण आलं? मामंजी आले. त्याच्याआधी दोनदा ही पमा आली, परकराची पोर होती तेव्हा. तुमी कधी आले नाही जी. अन् तुमची ड्यूटी उमरेड लाइनले. बाबाचं घर ष्टँडच्या मागं. रोज दुपारी गाडी लागली का तुमचा आवाज घरात ऐकू ये, 'उमरेडवाले उतरा, नागपूरवाले बसा!' साऱ्या गावाले आवाज देत होते तुमी. मी दारात उभी राहून ऐकत होती. मले नाही दिला कधी."

हे मला माहीत नव्हतं. तिला आणायला मी जायची तेव्हा ती बॅग घेऊन दारातच उभी असायची, आणि मला वाटायचं, माझीच वाट पाहत होती.

दादानं तो तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "ड्यूटीवर होतो वं."

"अन् आता?"

तो उठला. दामिनीनं बाळाला छातीशी धरलं. मार्तंडनं खाली पाहिलं, पण तोही हसत होता. दादानं घसा साफ केला आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाला की बाळ दचकलं, "मैना, नागपूरले चाल!"

"हाव जी," वहिनी म्हणाली.